अमेरिकेत एचओए असलेले घर घेताना: फायदे, तोटे आणि कागद वाचण्याची रीत

अमेरिकेत घर शोधू लागलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या दोन-चार घरांतच एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, भेटते आणि ही आपल्याकडची हाउसिंग सोसायटीच असावी, अशी बहुतेकांची समजूत होते. ती समजूत निम्मीच बरोबर आहे. महाराष्ट्रातील सहकारी सोसायटीत सभासदत्वासाठी अर्ज करावा लागतो, भागदाखला नावावर चढवून घ्यावा लागतो आणि जमीन व इमारत सहसा सोसायटीच्या मालकीची असते किंवा व्हावी अशी अपेक्षा असते. अमेरिकेतील एचओएमध्ये स्वतंत्र घर आणि त्याखालची जमीन पूर्णपणे तुमच्या नावावर होते, परंतु खरेदी पूर्ण होताच संघटनेचे सदस्यत्व आपोआप गळ्यात पडते आणि घर विकेपर्यंत ते सोडता येत नाही. वसाहत वसवताना बिल्डरने घातलेली बंधने काउंटीच्या दप्तरी नोंदलेली असतात. ती जमिनीला चिकटलेली असल्यामुळे तुम्ही वाचली असोत वा नसोत, तुम्हाला लागू होतात.

हा प्रकार टाळू म्हटले तरी अनेक ठिकाणी टाळता येत नाही. देशात अशा संघटनांची संख्या साडेतीन लाखांहून अधिक असून त्यांच्या कक्षेत सात कोटींहून अधिक लोक राहतात, असा या क्षेत्रातील राष्ट्रीय संस्थेचा अंदाज आहे. टेक्ससमधील फ्रिस्को, व्हर्जिनियातील अ‍ॅशबर्न, नॉर्थ कॅरोलिनातील केरी अशा, भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या उपनगरांत नवे घर घ्यायचे तर एचओए बहुधा आलीच. त्यामागे कारणही आहे. नवीन वसाहतीतील अंतर्गत रस्ते, पावसाचे पाणी साठवणारी तळी, बागा आणि पदपथ यांचा खर्च अनेक ठिकाणी नगरपालिका स्वतःकडे घेत नाहीत आणि तो कायमचा रहिवाशांवर सोपवला जातो. म्हणून ‘एचओए हवी की नको’ या प्रश्नापेक्षा ‘ही एचओए कशी आहे’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. माझ्या मते त्याचे उत्तर नियमावलीच्या जाडीवरून ठरत नाही. संघटनेचा राखीव निधी पुरेसा आहे का आणि गरज पडल्यास घर भाड्याने देता येईल का, या दोन गोष्टींवर ते बहुतांशी ठरते.

आधी घराचा प्रकार पाहावा

फायद्यातोट्यांचा हिशेब घराच्या प्रकारानुसार बदलतो. कॉन्डोमध्ये, म्हणजे सामायिक इमारतीतील मालकीच्या फ्लॅटमध्ये, छप्पर, बाहेरच्या भिंती, लिफ्ट, मुख्य जलवाहिन्या हे सारे संघटनेच्या अखत्यारीत असते आणि तुमची मालकी साधारणपणे आतल्या भिंतींपासून सुरू होते. स्वतंत्र घरांच्या वसाहतीत संघटना केवळ सामायिक जागा सांभाळते, तुमचे छप्पर गळाले तर तो तुमचा प्रश्न. घोळ होतो तो टाउनहाउसमध्ये, म्हणजे भिंतीला भिंत लागून ओळीत बांधलेल्या घरांत. तिथे छप्पर आणि बाहेरचे आवरण कुठे संघटनेकडे असते, तर कुठे मालकाकडे, आणि शेजारशेजारच्या दोन वसाहतींतही उत्तर वेगळे निघू शकते. एजंटाच्या तोंडी उत्तरावर विसंबू नये. सीसी अँड आर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मूळ दस्तऐवजात देखभालीच्या जबाबदारीचे कलम असते, ते स्वतः वाचावे.

न्यू जर्सीच्या हिवाळ्यात पहाटे बर्फ उपसण्याचे काम दुसऱ्याने करणे, सुट्टीत भारतात गेल्यावर गवत कापले जाणे, मुलांना चालत जाता येईल असा पोहण्याचा तलाव असणे, हे फायदे खरे आहेत आणि दोघेही नोकरी करणाऱ्या कुटुंबाला किंवा वय झालेल्या दांपत्याला त्यांचे मोल मोठे आहे. एचओएमुळे घराची किंमत टिकते, हे विधान मात्र एजंट जितक्या ठामपणे करतात तितके ठाम नाही. नीट चालवलेली संघटना किमतीला आधार देते, तर निधी आटलेली संघटना त्याच घराला गिऱ्हाईक मिळू देत नाही.

मासिक फीपेक्षा राखीव निधी महत्त्वाचा

मासिक फी किती, हा प्रश्न सगळेच विचारतात आणि कमी आकडा ऐकून खूश होतात. ही फी गृहकर्जाच्या पात्रतेत धरली जाते, म्हणजे महिन्याला चारशे डॉलर फी असेल तर तुम्हाला मिळणारे कर्ज त्या प्रमाणात कमी होते. स्वतः राहण्याच्या घरासाठी भरलेली फी आयकरातून वजाही होत नाही. मालमत्ता कर वेगळा असतोच. पण कमी फी ही नेहमी चांगली खूण असते असे नाही, कित्येकदा ती दुरुस्तीसाठी पैसे बाजूला टाकलेच जात नसल्याची खूण असते.

महाराष्ट्रातील सोसायटीच्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंडासाठी बांधकामखर्चाच्या किमान ०.२५ टक्के इतकी वार्षिक वर्गणी सांगितलेली आहे. अमेरिकेत ही रक्कम वेगळ्या पद्धतीने काढतात. रिझर्व्ह स्टडी नावाच्या अहवालात छप्पर, रस्त्याचे डांबर, लिफ्ट, तलावाचे पंप अशा प्रत्येक गोष्टीचे उरलेले आयुष्य आणि बदलण्याचा खर्च मांडला जातो आणि त्यावरून आज निधीत किती रक्कम असायला हवी होती ते काढतात. प्रत्यक्ष शिल्लक त्या रकमेच्या किती टक्के आहे, हा आकडा अहवालात पहिल्या काही पानांवरच सापडतो. या व्यवसायात ७० टक्क्यांच्या वरची स्थिती भक्कम आणि ३० टक्क्यांखालची कमकुवत मानतात. कॅलिफोर्नियात प्रत्यक्ष पाहणीसह असा अभ्यास किमान दर तीन वर्षांनी करणे बंधनकारक आहे, परंतु सगळ्याच राज्यांत तशी सक्ती नाही. अहवालच नसेल, तर घर कितीही आवडले तरी थांबून विचार करावा.

निधी कमी पडला की बोर्ड, म्हणजे संघटनेचे संचालक मंडळ, स्पेशल असेसमेंट लावते, म्हणजे नेहमीच्या फीव्यतिरिक्त एकरकमी किंवा हप्त्यांनी वसुली करते. दोनशे घरांच्या वसाहतीत छपरांचे काम तीस लाख डॉलरचे निघाले आणि निधीत काहीच नसले, तर प्रत्येक घरावर पंधरा हजार डॉलर येतात आणि तुम्ही मागच्याच महिन्यात राहायला आलात याने काहीही फरक पडत नाही. फ्लोरिडातील सर्फसाइड येथे २४ जून २०२१ रोजी चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही बारा मजली कॉन्डो इमारत कोसळून ९८ जणांचा मृत्यू झाला. अभियंत्याने २०१८ मध्येच काँक्रीटच्या गंभीर नुकसानीची नोंद केली होती आणि सुमारे दीड कोटी डॉलरचे असेसमेंट मंजूर होण्यास एप्रिल २०२१ उजाडला. वाढीव वर्गणीला रहिवाशांचा विरोध आणि बोर्डाची चालढकल हे चित्र सोसायटीची वार्षिक सभा पाहिलेल्या कोणालाही अपरिचित वाटणार नाही.

त्या दुर्घटनेनंतर कायदे बदलले. फ्लोरिडाने २०२२ मध्ये तीन किंवा अधिक मजल्यांच्या कॉन्डो इमारतींसाठी संरचनात्मक तपासणी आणि त्यावर आधारलेला राखीव निधी सक्तीचा केला, तर न्यू जर्सीने जानेवारी २०२४ मध्ये तशाच दिशेचा कायदा केला. रहिवाशांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच झाले, पण वर्षानुवर्षे पैसे न साठवलेल्या जुन्या इमारतींची फी त्यामुळे झपाट्याने वाढली. अशा इमारतीतील घर बाजारभावापेक्षा स्वस्त दिसत असेल, तर त्या स्वस्ताईचे कारण बहुधा रिझर्व्ह स्टडीत लिहिलेले असते.

नवीन वसाहतीबाबत एक वेगळी सावधगिरी घ्यावी. ठरावीक प्रमाणात घरे विकली जाईपर्यंत बोर्ड बिल्डरच्या हाती असते आणि विक्रीसाठी फी कमी दाखवणे त्याच्या सोयीचे असते. फ्लोरिडात नव्वद टक्के घरे विकली गेल्यानंतर तीन महिन्यांत सदस्यांना बहुसंख्य संचालक निवडण्याचा हक्क मिळतो. टेक्ससमध्ये पंचाहत्तर टक्के विक्रीनंतर १२० दिवसांच्या आत किमान एक तृतीयांश संचालक रहिवाशांनी निवडलेले असावे लागतात. बोर्ड रहिवाशांच्या हाती आल्यानंतर पहिल्या एक-दोन वर्षांत फी वाढेल असे धरूनच अंदाजपत्रक आखावे.

कोणते कागद मागावेत आणि कसे वाचावेत

विक्रेत्याकडून किंवा संघटनेकडून मिळणाऱ्या कागदांचा गठ्ठा अनेकदा दोन-तीनशे पानांचा असतो आणि क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण करण्याच्या, गडबडीत तो न उघडताच सही होते. व्हर्जिनियासारख्या काही राज्यांत हे कागद मिळाल्यानंतर ठरावीक मुदतीत खरेदीदाराला करार रद्द करता येतो. इतरत्र तशी मुदत करारात लिहून घेण्याचा आग्रह एजंटाकडे धरावा. मुदत दिवसांत मोजली जाते, त्यामुळे कागद ज्या दिवशी हाती येतील त्याच रात्री वाचायला बसावे.

वाचनाचा क्रम मी उलटा सुचवेन. नियमावली शेवटी ठेवावी आणि आधी बोर्डाच्या मागील वर्षभराच्या सभांची इतिवृत्ते वाचावीत. गळती, कंत्राटदाराशी वाद, विम्याचा हप्ता दुप्पट होणे, व्यवस्थापन कंपनी वरचेवर बदलणे, एकाच रहिवाशाशी चाललेली वर्षभराची लढाई, असे अंदाजपत्रकात न दिसणारे सारे तिथे उघडे पडते. त्यानंतर चालू अंदाजपत्रक, रिझर्व्ह स्टडी, चालू खटल्यांची माहिती आणि थकबाकीचे प्रमाण पाहावे. कॉन्डो घेत असाल तर थकबाकीचा प्रश्न तुमच्या कर्जाशीही जोडलेला असतो. बँकांकडून गृहकर्जे विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या निकषांनुसार साठ दिवसांहून अधिक थकबाकी असलेली घरे पंधरा टक्क्यांच्या वर गेली, तर त्या प्रकल्पातील कर्जे अडचणीत येतात. तुम्हाला रोखीने घर घेता आले, तरी उद्या तुमच्याकडून घेणाऱ्याला कर्ज लागणार आहेच.

विम्याचे कागद वकिलाला किंवा निदान विमा एजंटाला दाखवावेत. संघटनेचा सामायिक विमा कोऱ्या भिंतींपर्यंतच थांबतो की आतील कपाटे, फरशा, स्नानगृहातील सामान यांनाही संरक्षण देतो, हे ठरल्याशिवाय तुमचा स्वतःचा विमा, ज्याला कॉन्डोबाबत एचओ-६ म्हणतात, किती रकमेचा घ्यावा हे कळत नाही. त्या पॉलिसीत लॉस असेसमेंटचे, म्हणजे संघटनेच्या नुकसानीतील तुमच्या वाट्याचे, संरक्षण वाढवून घेण्यास फार खर्च येत नाही. सामायिक विम्याच्या वजावटीची रक्कम, म्हणजे नुकसानीतील विमा कंपनी न देणारा सुरुवातीचा भाग, मोठी असेल आणि ती सदस्यांत वाटली गेली, तर ते उपयोगी पडते.

जुन्या वसाहतींच्या दस्तऐवजांत कधी कधी ‘गोऱ्यांखेरीज इतरांना घर विकू नये’ अशा अर्थाचे कलम वाचायला मिळते आणि धक्का बसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात अशी कलमे न्यायालयांमार्फत अंमलात आणता येणार नाहीत असे ठरवले आणि १९६८ च्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टने असा भेदभाव बेकायदा केला. ते कलम मृत आहे. अनेक राज्यांत ते दस्तातून रीतसर काढण्याची सोयही आहे.

आपल्या घरांना भिडणारे नियम

भाड्याने देण्यावरील मर्यादा हे कलम मी सगळ्यांत वर ठेवतो. एच-१बी व्हिसावर असलेल्या किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत अनेक वर्षे काढणाऱ्या कुटुंबाची नोकरी गेली, दुसऱ्या राज्यात बदली झाली किंवा आईवडिलांसाठी अचानक भारतात परतावे लागले, तर घर भाड्याने देणे हा पहिला मार्ग असतो. काही संघटना भाड्याच्या घरांची टक्केवारी ठरवून देतात, ती पूर्ण झाली की प्रतीक्षायादीत थांबावे लागते. काही संघटना पहिली एक-दोन वर्षे भाडेकरू ठेवू देत नाहीत. कॅलिफोर्नियात २०२१ पासून ही मर्यादा पंचवीस टक्क्यांहून खाली आणता येत नाही, मात्र तीस दिवस किंवा त्याहून कमी मुदतीच्या भाड्यावर बंदी घालता येते. अन्य राज्यांत तेथील कायदा आणि दस्तऐवज दोन्ही पाहावेत आणि सध्या किती घरे भाड्याने आहेत हे व्यवस्थापकाकडून लेखी विचारून घ्यावे.

दारावरचे तोरण, उंबऱ्याजवळची रांगोळी, गणपतीची छोटी तसबीर यांबाबत भीती बाळगण्याचे कारण कमी झाले आहे. टेक्सस आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यांनी घराच्या दारावर धार्मिक वस्तू लावण्याच्या हक्काला काही अटींसह संरक्षण दिले आहे. शेजाऱ्याचे नाताळचे दिवे जानेवारीभर चालतात आणि तुमच्या दिवाळीच्या माळांवर मात्र आठवड्यात नोटीस येते, असे झाले तर शांतपणे दोन्हींची तारखेसह छायाचित्रे काढून बोर्डाला पत्र लिहावे. नियम सर्वांना सारखा लावला जात नाही, हा मुद्दा फेअर हाउसिंग अ‍ॅक्टच्या चौकटीत वजनदार ठरतो. गणपतीच्या दिवसांत ढोल, रात्रीची आरती आणि वीस पाहुण्यांच्या गाड्या यांचे मात्र तसे नाही. आवाज आणि पार्किंगचे नियम सगळ्यांना सारखेच असतात, तेव्हा क्लबहाउस आधी आरक्षित करावे आणि शेजाऱ्यांना आठवडाभर आधी सांगावे.

परसात मेथी-कोथिंबीर लावण्याचा, कपडे दोरीवर वाळवण्याचा, छपरावर सौर पॅनेल बसवण्याचा प्रश्न राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात परसातील भाजीपाल्यावर अवाजवी बंदी घालता येत नाही. फ्लोरिडाने २०२४ मध्ये घराच्या दर्शनी बाजूने किंवा शेजारून न दिसणाऱ्या भाजीवाफ्यांना आणि वाळवणाच्या दोऱ्यांना संघटनेच्या बंदीतून मोकळे केले. सौर पॅनेलला दोन्ही राज्यांत आणि टेक्ससमध्येही संरक्षण आहे, मात्र ते कसे बसवावे याबद्दल संघटना वाजवी अटी घालू शकते. मराठी वाहिन्यांसाठी डिश बसवणारे आता कमीच, पण स्वतःच्या ताब्यातील जागेत एक मीटरपर्यंतची डिश लावण्याचा हक्क संघीय नियमाने १९९६ पासून दिलेला आहे.

कुंपण, अंगणातील फरसबंदी, दाराचा रंग, मागच्या बाजूची शेड अशा कोणत्याही बाह्य बदलासाठी आर्किटेक्चरल समितीची लेखी परवानगी काम सुरू होण्यापूर्वी घ्यावी. शेजाऱ्याने तसेच केले आहे हा युक्तिवाद नंतर क्वचितच टिकतो. आईवडील सहा महिने राहायला येणार असतील तर सर्वसाधारण वसाहतीत अडचण येत नाही. याउलट पंचावन्न वर्षांवरील रहिवाशांसाठी राखीव वसाहतीत लहान नातवंडांच्या लांबलेल्या मुक्कामाला दिवसांची मर्यादा असू शकते, म्हणून आईवडिलांसाठी असे घर पाहताना ते कलम आधी शोधावे.

दंड, थकबाकी आणि सर्वांत महागडी चूक

नोटीस आली की आधी कोणत्या कलमाचा भंग झाला असे म्हटले आहे ते पाहावे आणि सुनावणी मागावी. फ्लोरिडात दंडापूर्वी १४ दिवसांची सूचना आणि बोर्डाबाहेरील सदस्यांच्या समितीपुढे सुनावणी आवश्यक आहे. कॅलिफोर्नियाने जून २०२५ पासून आरोग्य व सुरक्षेशी संबंधित प्रकरणे वगळता प्रत्येक उल्लंघनाचा दंड कमाल शंभर डॉलरवर आणला. दंडाचा वाद लढता येतो. परंतु वादाच्या रागात मासिक फी थांबवणे ही या साऱ्या व्यवहारातील सर्वांत महागडी चूक आहे. थकलेल्या फीपोटी संघटनेचा बोजा घरावर चढतो, त्यावर व्याज आणि वकिलांचा खर्च साचतो आणि गृहकर्जाचे हप्ते वेळेवर भरणाऱ्या माणसाचे घरही जप्तीच्या वाटेला लागू शकते. टेक्ससमध्ये केवळ दंडाच्या रकमेसाठी जप्ती करता येत नाही. कॅलिफोर्नियात मूळ थकबाकी १८०० डॉलरच्या वर गेल्याशिवाय किंवा बारा महिने जुनी झाल्याशिवाय ती कारवाई करता येत नाही. नेवाडात याउलट संघटनेच्या बोजातील ठरावीक महिन्यांच्या फीचा भाग वसुलीच्या क्रमात पहिल्या गृहकर्जाच्याही पुढे जातो. दोन-तीन महिने भारतात जाताना बँकेतून फी आपोआप जाण्याची सोय करावी आणि व्यवस्थापन कंपनीकडे ईमेल व भारतातील पत्ता नोंदवावा, कारण नोटिशीची मुदत तुमच्या परतीच्या विमानाची वाट पाहत नाही.

बोर्डापासून दूर राहू नये

आपली माणसे शाळेच्या आणि मंडळाच्या कामात पुढे असतात, पण एचओएच्या सभेला फारशी दिसत नाहीत. सभांना उपस्थिती मुळातच कमी असल्यामुळे पाच-सात जण सगळ्यांचे निर्णय घेतात आणि मग मुलांच्या क्रिकेटवर मैदानात बंदी आल्यावर चर्चा व्हॉट्सअ‍ॅपवर रंगते. बहुतेक राज्यांत सदस्याला सभेला बसण्याचा आणि हिशेबाचे कागद पाहण्याचा हक्क असतो. निदान अंदाजपत्रकाच्या सभेला जावे आणि जाता येत नसेल तर विश्वासातील शेजाऱ्याकडे प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने मत देण्याचा अधिकार, द्यावी. अंदाजपत्रक, निविदा आणि कंत्राटे वाचणे हा ज्यांच्या रोजच्या नोकरीचाच भाग आहे, त्यांनी एक कार्यकाळ बोर्डावर काढला तर संघटनेचा फायदा होतो आणि स्वतःचे पैसे कुठे जातात तेही कळते.

स्वतःच्या घरात हवे ते फेरफार करण्याची आवड असलेल्या, कामाचा ट्रक घरासमोर उभा करणाऱ्या किंवा घरातूनच पाळणाघर वा केटरिंग चालवू इच्छिणाऱ्या माणसाने एचओए नसलेले जुने घर शोधण्यासाठी चार महिने अधिक घालवलेले बरे. त्याला मिळणाऱ्या सोयींपेक्षा होणारी कुचंबणा मोठी असते. आणि एचओएतील घर विकायची वेळ आली, की विक्रेत्याने जाहिरात देण्यापूर्वीच संघटनेकडून आपल्या खात्याचे व प्रलंबित उल्लंघनांचे पत्र मागवावे. हे प्रमाणपत्र देण्यासाठी संघटना फी आकारते आणि काही दिवस घेते. परवानगीशिवाय बांधलेले कुंपण त्यात निघाले, तर खरेदीदार समोर नसताना ते नियमित करून घेणे क्लोजिंगच्या आठवड्यात करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.